तुम्ही विचारलंत म्हणून: ही सही खरी आहे का?

‘घरात एका नटीचा सही केलेला जुना फोटो सापडलाय. सही खरी आहे का, सांगाल?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो. सोबत मोबाइलवरून काढलेलं चित्र असतं आणि त्यात फक्त सही असते, तीही इतक्या जवळून घेतलेली की बाकी काही दिसू नये. मी दर वेळी एकच सांगते: फोटो फ्रेममधून जपून बाहेर काढा आणि मला त्याची मागची बाजू दाखवा.

काही जणांना याचा राग येतो. विचारलंय सहीबद्दल, ही पाठ कशाला बघतेय? पण हात बसलेला माणूस कुणाचीही सही हुबेहूब गिरवू शकतो. कागद, त्याच्या पाठीवरचे शिक्के, पाकीट, सोबतची चिठ्ठी आणि तो फोटो ज्या हातांतून फिरला ती हकिकत हे सगळं एकमेकांशी जुळेल असं रचणं फार कठीण असतं. म्हणून मी सहीकडे सगळ्यात शेवटी वळते.

कागदाचं वय पाहिलं की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. हॉलिवूडची नटी जीन हार्लो १९३७ मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेली. तिचा सही केलेला फोटो अंधारात अतिनील टॉर्चखाली धरला आणि कागद निळसर पांढरा झगमगला, तर सही तिची नाही, पुढे बघायची गरज नाही. असे झगमगतात ती कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेली द्रव्यं, आणि ती फोटोच्या कागदात साधारण १९५० च्या सुमारास येऊ लागली. उलट, कागद चमकला नाही म्हणून तो जुनाच, असं मात्र म्हणता येत नाही. प्लास्टिकचा थर असलेल्या गुळगुळीत फोटोकागदाचंही तसंच. तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर रुळला. पेनं तर सरळ साक्षच देतात. मेरिलिन मन्रो ऑगस्ट १९६२ मध्ये गेली आणि शार्पी हा पक्क्या शाईचा मार्कर बाजारात आला १९६४ मध्ये. तरीही शार्पीने सही केलेले तिचे फोटो लोक आनंदाने विकत घेतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण दोन तारखा शेजारी मांडून पाहिल्या असत्या तर ते पैसे वाचले असते.

आता सही. फोटो टेबलावर सपाट ठेवा, दिवा एका बाजूला अगदी खाली आणा आणि डोळा जवळजवळ कागदाच्या पातळीवर न्या. पेनने केलेली सही फोटोच्या तकाकीवर वेगळी बसलेली दिसते. शाईची चमक निराळी असते, काळ्या कोटावरून गेलेली काळी रेघही तिरक्या उजेडात उठून दिसते आणि गुळगुळीत पृष्ठभागावर फाउंटन पेनची शाई जागोजागी तुटते, थेंबाथेंबाने गोळा होते. छापील सही अशी दिसत नाही. तिची चमक चेहऱ्याच्या चमकीसारखीच असते, कारण ती फोटोबरोबरच छापून आलेली असते. भिंगाखाली रेघेत बारीक ठिपके दिसले, तर ते छापखान्याचं काम. हॉलिवूडच्या स्टुडिओंना चाहत्यांची पोतीच्या पोती पत्रं यायची. त्यांना उत्तर म्हणून असे छापील सह्यांचे फोटो सर्रास जायचे. त्यात फसवण्याचा हेतू नव्हता, एवढ्या पत्रांना दुसरं उत्तर देणं शक्यच नव्हतं.

सगळ्यात अवघड असतात दुसऱ्याने केलेल्या सह्या, कारण शाई खरी, पेन खरं, काळही बरोबर असतो. फक्त हात वेगळा. हार्लोच्या चाहत्यांना गेलेल्या कितीतरी फोटोंवर तिच्या आईने सह्या केल्या आहेत. बीटल्स या इंग्लिश बँडच्या नावाने त्यांचे सहायक नील ॲस्पिनॉल आणि मॅल एव्हन्स सह्या करायचे. अशा सह्यांना मी बनावट म्हणत नाही. ते त्या काळाचे खरे कागद आहेत, फक्त त्यांना त्यांच्या नावाने ओळखावं आणि त्यांच्या मोलाने विकावं.

यंत्राची सही ओळखायला एक फोटो पुरत नाही, दोन लागतात. माणूस दोनदा तंतोतंत सारखी सही करत नाही. एका सहीवर दुसरी ठेवून वळण न् वळण जुळलं, तर समजा की मागे ऑटोपेन आहे. त्यात सहीचा साचा बसवतात आणि यंत्राचा हात पेन फिरवतो. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या नावाने असं यंत्र भरपूर चाललं. २०२२ मध्ये गायक बॉब डिलन यांच्या ‘हाताने सही केलेल्या’ महागड्या पुस्तकांच्या बाबतीत हेच उघड झालं. घेणाऱ्यांनी आपापल्या प्रती एकमेकांशी ताडून पाहिल्या आणि सह्या जुळल्या. प्रकाशकाने पैसे परत केले, डिलन यांनीही माफी मागितली.

‘पण प्रमाणपत्र आहे ना!’ हे नेहमीचं पुढचं वाक्य. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये खोट्या सह्यांची मोठी टोळी पकडली. त्या मालासोबत प्रमाणपत्रंही होती आणि त्यात मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉलदेखील होता! प्रमाणपत्र कुणी दिलं, त्याने कशाशी ताडून पाहिलं आणि चूक निघाली तर तो पैसे परत देतो का, या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर तो नुसता छापील कागद.

एक बाई वडिलांनी जपलेला फोटो घेऊन आल्या होत्या. सही छापील निघाली. सांगताना मलाच जड गेलं. मग त्यांनी पिशवीतून फोटो ज्या पाकिटातून आला होता ते काढलं. टाकून देणारच होते, म्हणाल्या. पाकिटावरचा पत्ता पाहून त्या थबकल्या. त्यांच्या वडिलांनी उत्तरासाठी स्वतःचा पत्ता घालून पाकीट आत पाठवलं होतं, तेच परत आलं होतं. अक्षर वडिलांचं, ऐन तरुणपणातलं. पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख स्पष्ट होती. मी त्यांना फोटो आणि पाकीट एकत्र ठेवायला सांगितलं.

हेच तुम्हालाही सांगते. सहीचा फोटो कुणाकडून, कधी, कुठल्या निमित्ताने आला हे वेगळ्या कागदावर आजच लिहून ठेवा. फोटोच्या पाठीवर लिहू नका. ज्यांना आठवतंय त्यांना विचारा, त्यांची नावं लिहा. पावती, पाकीट, कार्यक्रमाचं तिकीट, सही घेतानाचा एखादा फोटो, काहीही टाकू नका. जुना गोंद सुटत नसेल तर ओढू नका, पाठीवरचा शिक्का त्याबरोबर निघून येतो. फोटो थेट उन्हात टांगू नका, शाई आधी फिकी पडते. आणि मला पाठवाल तेव्हा पुढची बाजू, मागची बाजू आणि तिरक्या उजेडातली सही अशी तीन चित्रं पाठवा.