ब्रूनो न सांगता चावला नव्हता

चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे पुण्यातल्या डी. पी. रस्त्यावरची लॉन्स आम्हा कुत्रेवाल्यांना परवडतात. संध्याकाळी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू होतो, म्हणून कुत्र्यांना वळण लावायची कार्यशाळा रविवारी सकाळीच उरकायची. एका वेळी आठ कुत्री, त्याहून जास्त नाही. प्रत्येक कुटुंबाची चटई लांब लांब आणि मध्ये कपडे वाळत घालायच्या स्टँडवर जुन्या चादरी, म्हणजे कुत्र्यांना एकमेकांकडे टक लावून बसता येत नाही. आत एकेकानेच यायचं आणि दुसऱ्याच्या कुत्र्याला भेटायला जायचं नाही, हा पहिला नियम. तो हमखास मोडतो, कारण दोन लॅब्रेडॉर समोरासमोर आले की मालकांची ओळख पार आजोळापर्यंत निघते.

बक्षिसाला उकडलेलं चिकन, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करून. ज्यांच्या घरी चिकन शिजत नाही त्यांनी पनीर आणावं. श्रावणात मी एक सूचना मुद्दाम देते: सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याला घालू नका, द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे ऐकून कुणाचा ना कुणाचा चेहरा पडतोच.

त्या रविवारच्या तक्रारी नेहमीच्या होत्या. पाहुण्यांच्या अंगावर उड्या, बेल वाजली की भुंकणं, पट्टा ओढणं, पिल्लाचं चावरेपण. उड्या थांबवायच्या तर चारही पाय जमिनीवर असतानाच लक्ष द्यायचं, एरवी पाठ फिरवायची. घरातल्या सगळ्यांनी हे एकसारखं करायला हवं आणि नेमकं तेच होत नाही. आई पाठ फिरवते, बाबा दोन्ही हातांनी खाली ढकलतात (कुत्र्याला तो खेळच वाटतो) आणि आजी म्हणते, "राहू दे गं, प्रेमानेच करतोय ना." तरीही तासाभरात बहुतेकांची गाडी रुळावर येते. त्या दिवशी वेळ खाल्ला तो ब्रूनोने.

ब्रूनो म्हणजे तीन वर्षांचा बीगल. सोबत नवरा-बायको, त्यांची शाळकरी मुलगी आणि मागच्या खुर्चीवर छत्र्या-पिशव्या सांभाळत बसलेल्या एक मावशी. फॉर्मवर 'कुत्र्याला घरात कोण-कोण सांभाळतं?' या प्रश्नापुढे या तिघांची आणि आबांचं अशी नावं होती. 'कधी चावला आहे का?' याच्यापुढे 'नाही'. ओळखीच्या फेरीत मात्र गृहस्थ म्हणाले, "बाकी गुणी आहे हो. पण न सांगता चावतो."

"कुणाला चावला?"

"आबांना. तसं फार नाही, चार टाके पडले."

टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी इंजेक्शनंही दिली होती, पण त्याआधी घरी जखमेत हळद भरून झाली होती. मग आधी तेच सगळ्यांना सांगितलं. चावा घरच्या, लस दिलेल्या कुत्र्याचा असला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही भरायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. इथे 'उद्या बघू' चालत नाही.

आबांनी केलं काय होतं? ब्रूनो जेवत असताना भांडं उचललं होतं, आणि तेही मुलाच्या सांगण्यावरून. ब्रूनो पिल्लू असल्यापासून हे गृहस्थ त्याच्या तोंडचं भांडं मध्येच काढून घेत. "घरात अल्फा, म्हणजे म्होरक्या, कोण ते कळायला हवं ना, मॅडम! गुरगुरला की वर्तमानपत्राची गुंडाळी. महिनाभरात गुरगुरणं बंद करून टाकलं." हे सांगताना आवाजात अभिमान होता.

अल्फाचं हे प्रकरण निघालं की मी लांडग्यांची गोष्ट सांगते. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकांनी 1947 साली जे लांडगे पाहून कळपातल्या अल्फाबद्दल लिहिलं, ते स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे अल्फाची कल्पना घराघरात पोचली आणि 1999 साली त्याच मेक यांनी लिहिलं की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, सत्तेसाठी सतत झुंजणारी टोळी नव्हे. गृहस्थ हसून मान हलवत राहिले. लांडग्यांवरून पुण्यात कुणाचं मत बदलल्याचं मला तरी आठवत नाही.

आपल्या खाण्याजवळ कुणाला फिरकू न देणाऱ्या कुत्र्याचं काम मी गटात घेत नाही, ते घरी जाऊनच करायचं. म्हणून ब्रूनोची चटई पार कडेला नेली आणि एवढंच सांगितलं की कान, दात, सांधे आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना पावसाळ्यात कानाचा संसर्ग पटकन होतो आणि दुखणाऱ्या कुत्र्याला शिकवणं फुकट असतं.

मग चहाची सुट्टी झाली. कांदेपोहे होते. कुणाच्या तरी हातातला द्रोण वाऱ्याने उडाला आणि घरंगळत थेट ब्रूनोपुढे. त्याने तोंड घातलं. पट्टा मुलीच्या हातात होता. गृहस्थ ताडकन उठले, "ब्रूनो, सोड!" म्हणत हात पुढे करून निघाले.

मी धावले, पण माझ्याआधी मागच्या खुर्चीवरून आवाज आला. "दादा, थांबा! थबकलाय तो."

खरोखरच थबकला होता. खाणं बंद, मान द्रोणावर खाली दाबलेली, अंग ताठ. डोकं न हलवता डोळा मालकाकडे वळलेला आणि त्याच्या कडेला पांढऱ्याची कोर. तोंडातून आवाज काही नाही. गृहस्थांचं पाऊल जागीच थांबलं, बहुधा मावशींचा चढा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा.

मावशी कुत्र्याकडे गेल्याच नाहीत. उलट्या दिशेला चार पावलं चालल्या, पिशवीतून स्टीलचा डबा काढून झाकण वाजवलं आणि पोळीचे तुकडे गवतावर लांब फेकले. "ताई, पट्टा सैल सोडा." ब्रूनोचे कान हलले, अंग ढिलं झालं, तो डब्याकडे गेला. मी द्रोण उचलला. तो काढायलाच हवा होता, कांदा कुत्र्याच्या रक्तपेशींना बाधतो.

आमच्या कामात हे पट्टीच्या माणसालाही सहजी जमत नाही, म्हणून मी मावशींना पुढे बोलावून विचारलं. त्या आधी संकोचल्या, पदर सारखा करत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं. साहेब-बाई ऑफिसात, मुलगी शाळेत, आबा खोलीत झोपलेले. दुपारी घरात जागे असे ब्रूनो आणि त्या दोघंच. टेबलाखाली तो काहीतरी घेऊन बसलेला असतो आणि फरशी तर पुसायची असते. "पहिल्यांदा तो खायचं भरभर करतो. मग जीभ फिरवतो नाकावरनं. मग थबकतो. थबकला की मी फडकं तिथंच टाकते न् मागं येते. लांबून काहीतरी टाकते त्याला. उठला की पुसून घेते. त्याची वस्तू त्याला परत देते. घेऊन ठेवली तर उद्या यील का तो?"

शेवटचं वाक्य मी सगळ्यांना लिहून घ्यायला लावलं. गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली सूचना असते. ती मारून बंद केली तर राग जात नाही, सूचना तेवढी जाते. पण त्या आधीच्या खुणा, भरभर खाणं, जीभ फिरवणं, थबकणं, या मारूनही सहसा जात नाहीत. ब्रूनो आबांनाही सांगूनच चावला असणार. ती भाषा घरात एकाच व्यक्तीला येत होती आणि तिचं नाव फॉर्मवर नव्हतं.

"मावशी, अहो, कधी बोलला नाहीत," बाई म्हणाल्या.

"तुम्ही त्याला वळण लावत होता. त्यात मी काय बोलू?"

उरलेल्या सात कुटुंबांकडून मग अदलाबदलीचा सराव करून घेतला. कुत्र्याला फारसं अप्रूप नसलेलं खेळणं द्यायचं, चिकनचा तुकडा लांब फेकायचा, कुत्रं तिकडे गेलं की खेळणं उचलायचं आणि लगेच परत द्यायचं. परत देणं कुणाच्या हातून होईना. एका काकांनी तर दोरीचं खेळणं खिशातच घातलं. मावशी खुर्चीतून त्यांना हटकत होत्या, आता बऱ्यापैकी मोकळ्या आवाजात.

निघताना कळलं की रविवार ही मावशींची सुट्टी. कुत्रं धरायला म्हणून त्यांना आणलं होतं. आजची मजुरी वेगळी द्या, असं मी बाईंना सरळच सांगितलं. आगाऊपणा म्हणा हवं तर. त्यांनी तिथल्या तिथे पाकीट काढलं.

पुढे त्यांच्या घरी गेले. भांड्याला हात लावणं बंद. जेवणाच्या वेळी ब्रूनो लहान मुलांसाठी असतं तसल्या फाटकाच्या पलीकडे, म्हणजे मुलगी आणि आबा सुरक्षित. रोज एकदा कुणीतरी तीन मीटरवरून जायचं, जाताना भांड्याच्या दिशेने चिकन टाकायचं आणि न थांबता पुढे निघून जायचं. अंग ढिलं राहिलं तरच दुसऱ्या दिवशी अंतर थोडं कमी करायचं. मी बजावून आले की हे महिनोन्महिने चालतं आणि फाटक बहुधा कायमचंच राहील.

काही आठवड्यांनी गृहस्थांचा फोन आला. आवाज पडलेला.

"मॅडम, सगळं पाण्यात गेलं. काल तो परत गुरगुरला."

"कुणावर?"

"माझ्यावर. सोफ्याखाली मोजा घेऊन बसला होता, मी वाकलो."

"मग काय केलंत?"

"काय करणार? मागे सरकलो. डबा वाजवला."

"आणि मोजा?"

"त्याच्याकडेच आहे. परत द्यायचा असतो ना?"

"मोजा नाही हो," मी म्हटलं, "मोजा गिळला तर आतड्यात अडकतो. त्याच्या बदली त्याचं खेळणं द्या. आणि गुरगुरला म्हणून पेढे वाटा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी फोन तसाच हातात धरून हाक मारलेली मला ऐकू आली, "मावशी, जरा इकडे येता का?"