शेजारची खुर्ची
शेजारी बसणारा सहकारी शुक्रवारी गेला. कारण खर्चकपात. आज त्याच्या एक्सेल शीट माझ्या गळ्यात पडल्या. एका रकान्याशेजारी त्याने स्वतःसाठीच लिहून ठेवलं होतं, 'हा आकडा दोनदा बघ, मागे घोळ झालाय.' दोनदा बघितला. बरोबर होता.

१९३० साली, जागतिक मंदीच्या सुरुवातीला, इंग्रज अर्थतज्ज्ञ केन्स म्हणाला होता की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला १५ तास काम पुरेल. यंत्रांनी वेळ वाचवला, खरंय. वाटणी मात्र अशी झाली की एकाला शून्य तास, दुसऱ्याला साठ. (दुसरा म्हणजे अस्मादिक.)

साहेब म्हणाले, "मार्केट सुधारलं की भरती करू." मीही मान डोलावली.

त्याची खुर्ची माझ्या खुर्चीपेक्षा बरी होती. जेवून येईपर्यंत कुणीतरी पळवली.