सातारा हिलची तयारी: घड्याळ ठोके नव्हे, पावलं मोजत होतं

सापडलं एकदाचं! पावसाळा सुरू झाल्यापासून ॲपमधला स्वयंचलित कोच मला सतत ‘कामगिरी घसरतेय’ आणि ‘आज विश्रांती घ्या’ ऐकवत होता. टेम्पो रन (सलग जोरात पळायचे सराव) कापून टाकलेले, आठवड्याचा लाँग रन आखडता घेतलेला, आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉन तर सप्टेंबरवर येऊन ठेपलेली. पाय हलके वाटत होते, झोप नीट होती, तरी रोज सकाळी तो लाल बाण पाहिला की बूट घालायचा उत्साहच जायचा. मूळ कारण केडन्स लॉक: घड्याळ हृदयाच्या ठोक्यांऐवजी केडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, मोजत होतं.

पकडलं ते आमच्या खऱ्या कोच सरांनी. सशुल्क प्लॅनमध्ये ते आठवड्यातून एकदा सगळ्या नोंदी वाचतात, आणि त्यांचा एक हट्ट आहे: प्रत्येक रननंतर बोर्गच्या ६ ते २० पट्टीवर (६ म्हणजे आराम, २० म्हणजे पूर्ण जोर) स्वतःला जाणवलेल्या मेहनतीचा आकडा लिहायचाच. त्या पट्टीची गंमत तुम्हाला माहीत आहे. आकड्यापुढे शून्य ठेवलं की अंदाजे ठोके मिळतात. रेसकोर्सवरच्या एका ईझी, म्हणजे आरामात पळायच्या, रनला मी १२ लिहिलं होतं आणि घड्याळाची सरासरी होती १६९. सरांनी एवढंच विचारलं, “ताई, पळताना मैत्रिणीशी गप्पा मारता येत होत्या का?” येत होत्या की, पूर्ण वेळ! “मग केडन्सचा आलेख उघडून बघा.” सरासरी केडन्स १६८. दोन्ही रेषा एकमेकींवर बसलेल्या.

तरी योगायोग असू शकतो म्हणून नीट चाचणी केली. पोलारचा एच१० पट्टा छातीला लावून फोनला जोडला, घड्याळ मनगटावर त्याच्या स्वतःच्या सेन्सरवर ठेवलं, आणि कानात मेट्रोनोम. वेग तोच ठेवून आधी १६० च्या ठेक्यावर पळाले, मग पावलं आखूड करून १८० वर. पट्ट्याचा आकडा १३४ ते १३८ मध्ये राहिला. घड्याळाचा आकडा मेट्रोनोमच्या मागोमाग १६० वरून १८० वर चढला! मग थांबले. थांबल्यावर खरे ठोके हळूहळू उतरतात. घड्याळाचा आकडा मात्र एकदम तुटल्यासारखा खाली आला. त्या सकाळी मला जो आनंद झाला तो पीबीच्या, म्हणजे स्वतःच्या सर्वोत्तम वेळेच्या, तोडीचा होता.

असं का होतं, तर घड्याळाच्या पाठीचे हिरवे दिवे त्वचेखालच्या रक्ताचं कमी-जास्त होणं टिपतात. पळताना हातही ठरावीक लयीत हलतो, त्यामुळे सेन्सरकडे दोन लयी पोचतात. पावसात भिजलेल्या गार मनगटात रक्तपुरवठा कमी झाला की ठोक्यांची लय क्षीण होते आणि गणित हाताची लय उचलतं. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत घेतो, त्यामुळे त्याला हा त्रास नाही. उलट ओलाव्याने त्याचा संपर्क सुधारतो. सुरुवातीलाच इलेक्ट्रोड पाण्याने ओले करून घ्या, नाहीतर घाम येईपर्यंत तोही वेडेवाकडे आकडे देतो. रन झाल्यावर पट्टा धुवायचा आणि पॉड (पट्ट्यावरचा सेन्सरचा तुकडा) काढून ठेवायचा, ओल्या पट्ट्याला लावून ठेवला तर सीआर२०२५ सेल लवकर संपतो. माझ्या मते ज्याला कोचिंग ॲपवर भरवसा ठेवायचा आहे त्याने नवीन घड्याळाआधी पट्टा घ्यावा. छातीला काचत असेल तर दंडावर बांधायचा ऑप्टिकल सेन्सरही मनगटापेक्षा पुष्कळ बरा, तिथे हालचाल कमी असते.

खरी डोकेदुखी पुढे होती. चुकीचे ठोके एका रनपुरते राहत नाहीत. या वेगाला एवढे ठोके म्हणजे दम कमी झाला असं धरून ॲपने व्हीओटू मॅक्सचा (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा) अंदाज खाली आणला, त्यावरून ताण जास्त दिसला, त्यावरून प्लॅन कापला. भरीला सिंहगडाच्या घाटातून उतरताना लॉक लागला तेव्हा १९१ नोंदवलं गेलं आणि ॲपने तेच माझे कमाल ठोके म्हणून आपोआप स्वीकारले! पट्टा लावून चढावर पूर्ण जोर काढला तेव्हा कमाल १८१ आले. ईझी रनची मर्यादा कमालच्या ७५ टक्के धरली तर १३६ च्या जागी १४३ झाली. म्हणजे पट्टा लावलेल्या दिवशी ईझी रन गरजेपेक्षा जोरात, आणि न लावलेल्या दिवशी ॲपच्या कोचची ओरड. दोन्हीकडून मार.

दुरुस्ती अशी: कमाल ठोके हाताने १८१ भरले, आपोआप ओळखायची सोय बंद केली, घड्याळाचा मनगटी सेन्सर रनपुरता बंद ठेवला. इंटरव्हल्स.आयसीयू या सरावाच्या नोंदी तपासायच्या साइटवर संशयास्पद रनचे ठोके वगळता येतात, तिथे जुना हिशेब स्वच्छ झाला आणि आलेख पुन्हा वर जाताना दिसला. कोचिंग ॲपमध्ये मात्र जुन्या नोंदींतून फक्त ठोके काढायची सोय नाही. अख्खा रन पुसावा लागतो. ही सोय प्रत्येक ॲपमध्ये असायलाच हवी. मेहनतीने पळालेले किलोमीटर कोण पुसेल?

घाटासाठी ठोके आणि वेग दोन्हीपेक्षा बोर्ग वापरायचं ठरवलंय. सातारा हिलच्या मार्गातल्या यवतेश्वरच्या चढावर पेसचा (वेगाचा) काही उपयोग नाही, वळणागणिक चढ बदलतो. चढताना १४ च्या वर जायचं नाही, एवढाच नियम. पण हे लिहितानाच एक गोष्ट जाणवतेय. सातारा हिलमध्ये वळसा घेतल्यावर परतीचा बराचसा रस्ता उताराचा आहे, आणि उतारावर ठोके कमी असतात. त्यामुळे ठोक्यांवर ताण मोजणाऱ्या कोचला उतार म्हणजे आरामच वाटणार. मांड्यांचे स्नायू तर ताणले जात असतानाच ब्रेक लावतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. मग पट्टा लावूनही हा हिशेब अपुराच राहतो! तेव्हा शनिवारचा टेम्पो रद्द. त्याऐवजी सिंहगडाच्या घाटरस्त्यावर चढ चालत आणि उतार पळत करणार, आणि ॲपने काहीही म्हटलं तरी पुढचा दिवस विश्रांतीचा. सरांना विचारते, पण ते हो म्हणतील असं वाटतंय.

वहिनीची बातमी राहिलीच. तिचा काउच टू ५के, म्हणजे नवख्यांना पाच किलोमीटर पळायला शिकवणारा प्लॅन, आठवड्यातून तीन दिवस आणि नऊ आठवडे. प्लॅनमध्येच विश्रांतीचे दिवस आहेत, तरी ॲपची स्ट्रीक (सलग दिवसांचा आकडा) रोजची मोजणी करते. तापात चार दिवस गेले, आकडा शून्यावर आला आणि तिने सगळंच सोडलं होतं. मी स्ट्रीकची सूचना बंद करून दिली आणि लक्ष्य ‘आठवड्यात तीन’ असं ठेवलं. सरांनी तिला व्हॉइस मेसेज पाठवला: ताप जाऊ दे, मग पाचव्या आठवड्यापासून परत धरू, कुठलीही मेहनत वाया गेलेली नाही. परवा तिने तीस मिनिटं न थांबता पूर्ण केली. तिच्या चेहऱ्यावरचा तो घाम आणि ते हसू बघून मला माझा लाल बाण आठवला. सुट्टी घेतल्याबद्दल माणसाला शून्यावर नेणारी मोजणी मला मान्य नाही.

पुढच्या रविवारी यवतेश्वरला जाऊन येणार आहे. पट्टा, घड्याळाचा सेन्सर बंद, चढावर बोर्ग, आणि किती मीटर उतरले याची वेगळी नोंद वहीत. उताराचा ताण मोजायची बरी पद्धत कुणी बसवली असेल तर रविवारच्या आत सांगा, तीही सोबत करून बघते.