बाई असून असली स्किटं कशी लिहिता?

लग्नात, लोकलमध्ये, मुलीच्या पालकसभेत, प्रश्न ठरलेला: ‘तुम्ही स्वतः बाई, आणि बायकोला जाडी, कजाग म्हणणारी स्किटं लिहिता?’ लिहिते. त्याचेच पैसे मिळतात. आणि विचारणाऱ्यांच्या घरी भाऊ कदमांच्या शांताबाईला सगळेच पोट धरून हसलेले असतात.

तुम्ही विचारलंत म्हणून एक सांगते. एका वाहिनीसाठी मी लग्नाच्या बैठकीचं स्किट लिहिलं होतं. वरपक्ष मानपानाची यादी वाचतो. मुलीची आई शांतपणे आपली काढते: इंजिनिअरिंगची फी, क्लास, होस्टेल. मग विचारते, ‘एवढं आमचं झालंय. तर नांदायला जावई कधी पाठवताय?’ वाचनाला त्या नटीने हे इतक्या थंडपणे म्हटलं की लाइटवाले दादाही हसले.

दुसऱ्या दिवशी ती भूमिका एका नटाकडे. साडी, ब्लाउजमध्ये कोंबलेला कापूस, फासलेली लिपस्टिक. एन्ट्रीलाच असा हशा, की माझं वाक्य त्यात बुडालं. त्या नटीच्या वाट्याला नवऱ्यामुलाची आत्या: दोन वाक्यं आणि तिच्या वजनावरचा ‘टेम्पो’चा एक पंच, मी न लिहिलेला. दिग्दर्शक म्हणाले, “बाई बोलली की भांडण वाटतं हो, बाप्या बोलला की कॉमेडी.” मी तिच्याकडे पाहिलं. ती विचारत होती, “सर, ‘टेम्पो’च्या आधी पॉज वाढवू?”

पूर्वी मीच परंपरेचे दाखले द्यायचे. तमाशाच्या गौळणीतली मावशी पुरुषच करतो, बालगंधर्वांच्या साड्यांची तर बायका नक्कल करायच्या! खरंय. पण बालगंधर्व साडीत दिसले म्हणून कुणी हसत नव्हतं. आणि मावशी थेट कृष्णालाही सुनावते. म्हणजे सुनावणारं तोंड तेव्हापासून बाप्याकडेच, गौळणींनी लाजायचं.

बदललंय की, असंही मीच म्हणते. ‘हास्यजत्रे’त नम्रता संभेरावची लॉली आली की लोक टायमिंगला हसतात. मग आठवतं, 2014 साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’च्या मुख्य चमूत बाई म्हणजे श्रेया बुगडे, बाकी बहुतेक बाप्ये. हप्ते फेडायचे असताना मी तत्त्व सांगत बसू का? नटीने तरी का सांगावं?

सध्या नवं स्किट लिहितेय. बायको आहे, कजागच आहे. पंच तिचा ठेवलाय. रिहर्सल सोमवारी.