आमची वाटचाल : आधी कारण, मग फॉरमॅट

आमच्या पाटीवर विक्री आणि दुरुस्ती असे दोन्ही शब्द आहेत, पण हे दुकान उभं राहिलं ते दुरुस्तीवर. त्यातही एकाच तक्रारीवर म्हटलं तरी चालेल : "कॉम्प्युटर हँग होतोय."

२००४ मध्ये नाशिकच्या सिडकोत एक छोटा गाळा भाड्याने घेतला. तेव्हा नाशिकमध्ये घराघरांत असेंबल्ड कॉम्प्युटर येत होते. कुणाकडे मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी, कुणाकडे मुलीच्या एमएस-सीआयटीसाठी, कुणी व्हीआरएसच्या पैशातून हौसेने घेतलेला. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्डडिस्क, जाडजूड सीआरटी मॉनिटर आणि टेबलाच्या कप्प्यात दार लावून ठेवलेला सीपीयू. पार्ट आणायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने जायचं आणि रात्री त्याच गाडीने बॅग छातीशी धरून परत यायचं.

दुकान काढण्याआधी मी जिथे नोकरीला होतो तिथे हँग होणाऱ्या प्रत्येक मशीनला एकच औषध होतं. फॉरमॅट मारायचा, म्हणजे हार्डडिस्क पुसून काढायची, विंडोज एक्सपी टाकायचं, ठरलेले पैसे घ्यायचे. तेव्हा बहुतेक ठिकाणी हेच चाले आणि त्याला कारणही होतं. फॉरमॅट मारला की मशीन आठ-दहा दिवस खरोखर छान चालतं. नको ते प्रोग्रॅम गेलेले असतात, फाइली डिस्कवर नव्या जागी लिहिल्या जातात, त्यामुळे खराब झालेला भाग काही काळ वाटेत येत नाही. मग पुन्हा हँग, पुन्हा फॉरमॅट. या फेऱ्यात लोकांचे बारशाचे फोटो गेले, श्रीलिपीत टाइप केलेले प्रबंध गेले, टॅलीतले हिशेब गेले. हे डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणून स्वतःचा गाळा घेतला तेव्हा एक गोष्ट पक्की केली : कारण सापडल्याशिवाय फॉरमॅट नाही, आणि डेटा बाजूला काढल्याशिवाय डिस्कला हात नाही.

बोलायला सोपं, पण धंद्याला जड होतं. फॉरमॅटला दोन तास लागतात, कारण शोधायला कधी कधी दोन दिवस. गिऱ्हाईक दारात उभं असतं. सुरुवातीला बरेच जण "एवढा वेळ कशाला?" म्हणत मशीन उचलून दुसरीकडे घेऊन गेले. जे थांबले त्यांच्यावर आम्ही टिकलो.

त्यातलं एक घर नाशिकरोडचं. प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका. मशीन आमच्याकडे येण्याआधी अनेकदा फॉरमॅट झालेलं. तक्रार अशी की रोज संध्याकाळी हँग होतो, सकाळी काही नाही. दुकानात आणून टेबलावर ठेवलं तर दिवसभर चालू, एकदाही थांबला नाही. रॅम तपासली, हार्डडिस्क तपासली, प्रोसेसरचं तापमान पाहिलं. सगळं ठीक. परत नेऊन दिला आणि त्याच संध्याकाळी काकांचा फोन. "अहो, पुन्हा तेच झालं बघा."

शेवटी मल्टिमीटर घेऊन दिवेलागणीला त्यांच्या घरी जाऊन बसलो. सोसायटीची पाण्याची मोटर सुरू झाली, ट्यूबलाइट मंदावली, आणि थोड्याच वेळात स्क्रीन जागच्या जागी थांबली. हार्डडिस्कमधून टक् असा आवाज आला. एसएमपीएसची, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याची, १२ व्होल्टची तार मोजली तर काटा ११.४ च्या खाली. नियमाप्रमाणे या तारेवर पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. हार्डडिस्कची मोटर याच १२ व्होल्टवर फिरते. एसएमपीएसमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे भाग, जुने झाले होते. घरातलं व्होल्टेज पूर्ण असेपर्यंत ते निभावून नेत, व्होल्टेज पडलं की त्यांचा दम संपे, डिस्क क्षणभर बंद पडून पुन्हा फिरायला लागे आणि विंडोज तिची वाट पाहत थांबून राही. आमच्या दुकानात व्होल्टेज पडत नव्हतं, म्हणून तिथे दोष दिसत नव्हता. एसएमपीएस बदलला, सोबत चांगला स्टॅबिलायझर दिला. विंडोजला हातही लावावा लागला नाही.

तेव्हापासून आमच्या जॉबशीटवर पहिला प्रश्न आहे : कधी हँग होतो? आणि दुसरा : कुठे ठेवला आहे? दुकानात दोष दिसला नाही तर "मशीन ओके" असं लिहून परत करायचं नाही, ज्या वेळी हँग होतो त्या वेळी घरी जायचं. आमच्या मुलांना ही व्हिजिट कंटाळवाणी वाटते, पण माझ्या मते आमच्या कामाचा सगळा कस तिथेच लागतो.

भारनियमनाच्या वर्षांनी आम्हाला बरंच शिकवलं. वीज जाताना आणि येताना बसणाऱ्या धक्क्यांनी यूपीएसच्या बॅटऱ्या संपत आणि लोक ते ओळखत नसत, कारण यूपीएसचा हिरवा दिवा लागतच राही. त्याच काळातल्या पुष्कळ मदरबोर्डांवर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर फुगायचे. वरचा सपाट भाग घुमटासारखा वर आला, कधी तपकिरी द्रव बाहेर आला, की समजायचं. ही अडचण जगभरच्या बोर्डांना होती. मशीन सुरू होई, दहा मिनिटं चाले आणि थांबे. बोर्ड बदलण्याऐवजी आम्ही त्याच मूल्याचे, १०५ अंशांपर्यंतची उष्णता सोसणारे कपॅसिटर सोल्डर करून द्यायचो. कुणाचे तीन-चार हजार वाचले की ते आणखी दोन घरं पाठवायचे. जाहिरातीवर आम्ही कधी फारसा खर्च केला नाही तो यामुळे.

पंचवटीतल्या घरांचा अनुभव वेगळा. पत्रिका काढायला किंवा पूजेच्या याद्या करायला ठेवलेला कॉम्प्युटर बहुतेक वेळा देवघराच्या खोलीत असतो. धूप आणि उदबत्तीचा धूर पंख्यातून आत जातो आणि धुळीला चिकटपणा येतो. नुसत्या ब्लोअरने ती निघत नाही. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक सोडवून ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा लागतो, मग दोघांमध्ये उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट. पाथर्डी फाट्याकडे नव्या इमारतींची सिमेंटची धूळ, निफाड-पिंपळगावकडे शेतमालाच्या गाळ्यातली धूळ. कॅबिनेट उघडलं की मशीन कुठून आलं ते आमच्या मुलांना कळतं. घरी ब्लोअर मारणाऱ्यांना एवढंच सांगतो की पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग जातं. आणि इंटेलच्या पंख्याला चार प्लास्टिकच्या पिना असतात, त्यातली एक जरी नीट बसली नसली तरी पंखा फिरतो, पण हीटसिंक प्रोसेसरला नीट टेकत नाही. बाहेरून सगळं छान दिसतं आणि आतमध्ये प्रोसेसर १०० अंशांकडे जात असतो.

आता आमच्याकडे हँगची तक्रार आली की काय होतं ते सांगतो, म्हणजे कुणाला घरी करून पाहता येईल. मशीन थांबलं की आधी कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे, माऊस हलतो आहे, तर मशीन जिवंत आहे आणि कशाची तरी वाट पाहत आहे. बहुतेक वेळा डिस्कची किंवा एखाद्या अडकलेल्या प्रोग्रॅमची. अशा वेळी बटण दाबून बंद करू नका, दोन मिनिटं थांबा. दिवाही बदलत नाही, गाण्याचा एकच सूर अडकून वाजत राहिला आहे, तर रॅम, उष्णता, वीजपुरवठा किंवा ड्रायव्हर (एखादा पार्ट चालवणारा प्रोग्रॅम) यांकडे संशय जातो. कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा दिवा न लुकलुकता सलग पेटून राहिला असेल तर आम्ही सगळं सोडून आधी डेटा काढतो.

डिस्क आतून काय म्हणते आहे ते क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम सांगतो. त्यात रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि करंट पेंडिंग (वाचता न आलेल्या जागा) सेक्टर या दोन ओळी पाहायच्या. पेंडिंगचा आकडा शून्य नसेल तर डिस्कला काही जागा वाचता येत नाहीत. ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ पडदा थिजलेला राहतो. तेव्हा विंडोजची डिस्क तपासणारी चेकडिस्क चालवण्याची घाई नको. मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन्‌तास चालणारी ती तपासणी उरलासुरला डेटाही घेऊन जाते. आधी कॉपी. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ७ किंवा १२९ क्रमांकाची डिस्कची नोंद हँग झाल्याच्याच वेळेला दिसली तर शंका पक्की होते, पण डिस्कला दोष देण्याआधी तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदलून पाहावी. शंभर रुपयांच्या केबलने कित्येक डिस्क वाचल्या आहेत. ४१ क्रमांकाची नोंद मात्र फसवी. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती सांगते. हँग झाल्यावर तुम्हीच बटण दाबून धरलंत तरी ती येते. ती पाहून सरळ एसएमपीएस बदलायला सांगणारे आहेत, त्यांच्यापासून सावध राहा.

रॅमसाठी प्लग काढून, पट्टी बाहेर घेऊन तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलके पुसायचे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहायची. मग रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवायचा. त्यात एक जरी चूक निघाली तरी ती पट्टी बाद.

सॉफ्टवेअरचे दोषही भरपूर. दोन अँटिव्हायरस एकत्र, चार जीबी रॅमवर ब्राउझरचे तीस टॅब, नको त्या साइटवरून घेतलेले ड्रायव्हर. पण हार्डवेअर निर्दोष असल्याची खात्री झाल्यावरच आम्ही तिकडे वळतो.

मधली वर्षं चढउतारांची गेली. २०११ मध्ये थायलंडच्या पुराने हार्डडिस्कचे कारखाने बंद पडले आणि इथे किमती एकदम वाढल्या. तेव्हा डिस्क वाचवण्याच्या कामाला लोक मानाने पाहू लागले. ऑगस्ट २०१६ च्या गोदावरीच्या पुरानंतर गाळाने भरलेली मशीनं आली. त्यातली वाचली ती वाळण्याआधी कुणी चालू करून न पाहिलेली. २०२० च्या टाळेबंदीत माळ्यावरचे कॉम्प्युटर मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी खाली उतरले, आणि आम्ही फोनवरून आज्या-आजोबांना कॅबिनेटचे स्क्रू सोडवायला शिकवलं. त्या काळात घराघरांतून मिळालेला विश्वास हा आमचा सगळ्यात मोठा ठेवा आहे.

आता काम पुष्कळ बदललं आहे. विंडोज १० फिरत्या हार्डडिस्कवर चालवलं की डिस्कचा वापर शंभर टक्के दाखवतो आणि मशीन गोगलगाय होतं. तिथे एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, टाकणं हाच इलाज. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले, घरगुती वापरासाठीची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यामुळे जुनं मशीन घेऊन येणाऱ्यांना आम्ही आधी प्रोसेसर कुठल्या पिढीचा आहे ते पाहून सांगतो. विंडोज ११ चालणार नसेल तर एसएसडीवर किती खर्च करणं योग्य, हे स्पष्ट बोलतो.

पॉलिटेक्निकची मुलं आमच्याकडे शिकायला येतात. पहिले काही दिवस त्यांना स्क्रूड्रायव्हर मिळत नाही. गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायचे आणि उत्तरं जॉबशीटवर त्याच्याच शब्दांत लिहायची. डिस्क बदलली तर जुनी आम्ही ठेवून घेत नाही. काय बिघडलं होतं, कसं कळलं, कोणत्या तारखेला, असं लेबल लावून ती मालकाच्या हातात देतो, आणि बॅकअप उघडतो आहे ना, हे त्याच्याकडून समोर दोन-चार फोटो उघडून पाहून घेतल्यावरच बिल करतो.