विकतचं गवत

आमच्या खानदेशात गवत काढायला मजूर लावतात, आणायला कोणी जात नाही. हरळी आणि कुंद्याशी पिढ्यान् पिढ्या भांडलेल्या घरची सून असून मी गेल्या जूनमध्ये रोपवाटिकेतून गवताच्या पंधरा पिशव्या रिक्षात घालून आणल्या. रावेरहून आलेले आबा, माझे सासरे, ओट्यावर बसले होते. त्यांनी एक पिशवी उचलली, किंमत विचारली आणि खाली ठेवली. संध्याकाळपर्यंत मग ते काही बोलले नाहीत.

गवत म्हणजे जांभळं फाउंटन ग्रास. पानं वांग्याच्या सालीच्या रंगाची, वर मांजराच्या शेपटीसारखे झुलणारे तुरे. याच्या हिरव्या भावंडाचं बी वाऱ्यावर उडून कुठंही रुजतं. जांभळ्याला बी सहसा धरत नाही, म्हणून हे निवडलं. कंपाउंडलगतची पट्टी अठरा फुटांची, रोपं पंधरा. "जवळजवळ लावा ताई, भरगच्च दिसतं," असं रोपवाटिकेवाला म्हणाला होता. पिशव्या त्याच्याच, तो दुसरं काय सांगणार!

लावून झाल्यावर आबा खाली उतरले.

"हे वाढतं किती?"

"तीन फूट."

"न् पसरतं?"

"तेवढंच."

"मंग इतकी दाटी कायले केली सूनबाई? केळीले आपन पाच बाय पाच कायले देतो?"

कळत होतं. पण जूनमध्ये रोप वीतभर असतं आणि मधली उघडी काळी माती डोळ्यांत खुपते. धीर निघत नाही.

दिवाळीपर्यंत निकाल लागला. दोन टोकांची दोन बेटं तेवढी गोल, कारंज्यासारखी फुटलेली. मधली तेरा वऱ्हाडाच्या जीपमध्ये बसल्यासारखी, खांद्याला खांदा लावून ताठ. आत हात घातला तर नुसता वाळका पाचोळा. तुरे आले तेही सगळे वाटेच्या बाजूला कललेले, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात.

फेब्रुवारीत सगळं वीतभर ठेवून छाटलं आणि एकाआड एक बेट उपटलं. सात गेली, आठ राहिली. अंतर आपोआप अडीच फुटांवर आलं. मागं भिंतीशी वाळा लावला. तो छातीच्या वर वाढतो, पण मुळं सरळ खाली जातात, हरळीसारखी शेजारी घुसत नाहीत. खरं तर मला सातपुड्यातलं रोशा गवत हवं होतं, चुरगळलं की गुलाबासारखा वास येणारं. एके काळी खानदेशात त्याचं तेल काढायचे. आता रोपवाटिकेत नाव घेतलं तर माणूस तोंडाकडे बघतो.

मधल्या उघड्या मातीचा प्रश्न आबांनीच सोडवला. केळी लहान असताना मधल्या जागेत आंतरपीक घेतात, तशी त्यांनी मेथी फेकली. महिन्यात भाजी झाली.

परवा दूधवाला फाटकाशी थबकला. "ताई, हे कापसान तं मले सांगजा. म्हशीले होईन."

मी तोंड उघडायच्या आत ओट्यावरून आवाज आला, "शोभेचं हाये ते, भो."