खाऱ्या वाऱ्यातल्या अँटेनाला तार कोणती?

मालवणात खिडकीचे गज, गेटची कडी, सायकलची चेन असं काहीच गंजातून सुटत नाही. मग माडापासून माडापर्यंत ताणलेली उघडी तार कशी सुटेल? नवीन हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, मला रेडिओ कुठला घेऊ ते विचारतात, तारेबद्दल क्वचितच कुणी बोलतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यानं मात्र आधी तार ठरवावी.

7 मेगाहर्ट्‌झला करंट तांब्याच्या पृष्ठभागाजवळच्या जेमतेम 0.025 मिलिमीटर थरातूनच वाहतो. तार आतून कितीही जाड असो, काम करते ती वरची साल, आणि मीठ नेमकं तिलाच खातं. म्हणून उघडी मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारा पिळलेली) तार इथे नकोच. इथल्याच एका मित्राच्या डायपोलचं (मधोमध केबल जोडलेल्या, दोन हातांच्या तारेच्या अँटेनाचं) टोक परवा ब्लेडनं सोललं. वरून हिरवट, आतल्या बारीक तारा काळ्याठिक्कर, नखानं खरवडलं तर भुकटी. त्यावर सोल्डर धरतच नाही.

माझी पसंती मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे किलोवर मिळणाऱ्या इनॅमलच्या, म्हणजे वार्निशसारखा पातळ थर चढवलेल्या, तारेला. 14 गेज, म्हणजे साधारण 2 मिलिमीटर, आत सलग एकच तांब्याची तार. 40 मीटर बँडच्या (म्हणजे त्याच 7 मेगाहर्ट्झच्या) डायपोलला वीसेक मीटर लागते, वजन अर्ध्या किलोहून थोडं जास्त. ही तार मऊ असते आणि ताणाखाली लांबते. तेव्हा एक टोक झाडाला बांधून आधीच चांगली खेचून घ्या, मग मापाला कापा. इन्सुलेटरपाशी घासून इनॅमल उडतं, तिथे स्लीव्ह हवीच.

घर अगदी लाटांच्या तुषारात असेल तर 316 ग्रेडची स्टेनलेस तार घ्या. तिचा रोध तांब्याच्या चाळीसेक पट, हे ऐकून लोक घाबरतात. पण करंट स्टेनलेसमध्ये जास्त खोलवर जातो, त्यामुळे या फ्रिक्वेन्सीला फरक सहा-सात पटच उरतो. 2 मिलिमीटरच्या तारेत 100 वॅटपैकी नऊ-दहा वॅट उष्णतेत जातील; समोरच्याला कानानं कळणारसुद्धा नाही. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार स्वस्त, पण जस्त गेलं की खाली लोखंडच उरतं. ती मी कुणालाच सुचवत नाही.

तार कुठलीही घ्या, दुखणं सुरू होतं ते सांध्यापासून. कोॲक्सचं (रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलचं) उघडं टोक पाणी पितं आणि आतली जाळी काळी पडते. फीडपॉइंटवर, म्हणजे केबल तारेला जोडतात तिथे, सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप खालून वर, एकावर एक चढवत गुंडाळा, म्हणजे पाणी कौलांवरून ओघळावं तसं निघून जातं. त्यावर साधी काळी टेप, उन्हापासून बचावाला. कोॲक्स खाली सोडताना एक वळसा ठेवा, थेंब तिथूनच गळतील.

पीव्हीसीची वायर वापरणार असाल तर तिची टोकंही अशीच बंद करा. आवरणामुळे अँटेना दोन-तीन टक्के आखूड लागते, पण आधी पूर्ण मापाचीच कापा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत फिरते त्याचं माप) बघत थोडी थोडी छाटा.